सर्कलिंगमध्ये रनवे दिसेनासा झाला तर नक्की कुठे वळायचं?

खोपटचा_कॅडेट
नमस्कार मंडळी. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा चेक जवळ आलाय, सध्या सुट्टीवर ठाण्यात घरी आहे आणि पाऊस असा लागलाय की बाहेर पडायची सोय नाही, म्हणून प्लेट्स (उतरायच्या वाटेचे नकाशे) घेऊन बसलोय. सरळ अप्रोचचं मिस्ड (उतरणं सोडून परत वर जायची ठरलेली वाट) डोक्यात पक्कं आहे, मिनिमाला (रनवे न दिसता ज्याच्या खाली जायचं नाही त्या उंचीला) काही दिसलं नाही की पॉवर, पिच, फ्लॅप, गिअर आणि मग प्लेटवर लिहिलंय तसं जायचं. गाडं अडतंय ते सर्कलिंगला, म्हणजे एका रनवेचा अप्रोच करून नजरेवर वळसा घालत दुसऱ्या दिशेने उतरायला. समजा अप्रोच रनवे २७ चा (तोंड २७० अंशांवर, पश्चिमेला) आहे पण वारा पूर्वेचा म्हणून उतरायचंय ०९ वर (तीच धावपट्टी, तोंड पूर्वेला). एमडीएला (सर्कलिंगच्या किमान उंचीला) लेव्हल झालो, रनवे दिसला, उजवीकडे फुटलो आणि आता रनवेच्या उत्तरेला डाउनविंडवर (रनवेला समांतर, उतरायच्या उलट दिशेने) आहे, नाक पश्चिमेला, रनवे डाव्या खिडकीत. तेवढ्यात पावसाची सर आली आणि रनवे गेला. प्लेटवरचं मिस्ड आहे २७० वर सरळ चढा. इन्स्ट्रक्टर म्हणतात आधी रनवेकडे वळ. बॅचमेट म्हणतो माझं हेडिंग आधीच २७० आहे, मिस्डचंही २७० आहे, मग वळायचं कशाला, सरळ चढत जा की! मला त्याचं बरोबर वाटतंय आणि तेच खटकतंय. कोणी नीट समजावेल का?

घोडबंदर_सिमर
चांगला धागा. मी फक्त घरच्या सिमवर उडवतो पण मलाही हाच प्रश्न पडलेला. बसलोय वाचत.

नेरुळ_ए३२०
तुझे इन्स्ट्रक्टर बरोबर आहेत, बॅचमेटला चहा पाज आणि नकाशावर रेघ मारून दाखव. हेडिंग २७० असणं आणि २७० च्या ट्रॅकवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिस्डचा जो पट्टा आखलाय तो २७ च्या अप्रोचला धरून, म्हणजे रनवेच्या डोक्यावरून जाणारा. तू त्याच्या उत्तरेला मैलभर सरकलेला आहेस. तिथून सरळ निघालास तर प्लेटच्या पट्ट्याला समांतर पण बाहेरून जाशील आणि बाहेर डोंगर आहे की टॉवर आहे हे प्लेट बनवणाऱ्याने त्या हिशोबाने बघितलेलंच नाही. आणि डाउनविंड लांबत गेलं तर सर्कलिंगच्या क्षेत्राच्याही बाहेर पडशील, ती तर अजूनच वाईट अवस्था.

म्हणून नियम असा की दिसेनासं झालं की चढता टर्न उतरायच्या रनवेच्या दिशेने, विमानतळाच्या डोक्यावर यायचं आणि तिथून चढत चढत मिस्डचा ट्रॅक पकडायचा. तुझ्या उदाहरणात डावीकडे वळायचं. बेसला (डाउनविंडवरून रनवेच्या रेषेकडे यायच्या आडव्या टप्प्याला) असताना गेला तरी डावीकडेच, तेव्हा नाक दक्षिणेला असतं आणि रनवे पूर्वेला, मग वळत वळत ०९ च्या बाजूने रनवेवरून चढायचं आणि मग २७० ला परत यायचं. लांबचा रस्ता वाटतो पण पूर्ण वेळ तू त्या राखलेल्या वर्तुळात असतोस. रनवेच्या आसपासची जमीन हीच तिथली सगळ्यात जास्त मोजलेली जमीन असते.

ऐरोलीकर
मी पायलट वगैरे नाही, नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून गच्चीवर उभा राहून विमानं बघायचा नाद लागलाय एवढंच. पण एक कळत नाही, एवढी कसरत करायचीच कशाला? पलीकडच्या बाजूनेही तसाच अप्रोच का नाही ठेवत?

उपवनकाका
ऐरोलीकर, प्रश्न साधा नाहीये. बऱ्याच ठिकाणी पलीकडे डोंगर असतो, म्हणजे सरळ तीन डिग्रीने उतरत येणारी वाट बसतच नाही. काही ठिकाणी आयएलएस (रेडिओवर उतरायची वाट दाखवणारी यंत्रणा) एकाच बाजूला बसवलेला असतो. आता जीपीएसवरचे अप्रोच आल्यापासून हे कमी होत चाललंय आणि ते चांगलंच आहे, माझ्या मते सर्कलिंग हा प्रकार जितका कमी होईल तितका बरा. मी टॉवरमध्ये नोकरी केली, आता येऊरच्या पायथ्याशी निवांत बसलोय, म्हणून कंट्रोलरच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली, रनवे गेला की लगेच माईक दाबायची घाई करू नका रे बाबांनो. आधी विमान सांभाळा, चढायला लागा, मग बोला. पण बोलाल तेव्हा गोइंग अराउंडच्या (परत वर जातोय याच्या) सोबत कुठे वळताय तेही सांगा, कारण सरळ अप्रोचचं मिस्ड आम्हाला पाठ असतं, सर्कलमधून तुम्ही कोणत्या कोपऱ्यातून कुठे येणार हे आम्हाला ढगातून दिसत नाही, आणि त्याच वेळी ०९ वरून कोणी सुटायच्या तयारीत असू शकतं.

दुसरी, रनवे दिसला म्हणजे कुठला दिसला? २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं होतं, हे इथल्या तरुण मंडळींना माहीत नसेल. जुहूची धावपट्टी ती केवढी, विमान पुढे निघून गेलं, माणसं वाचली. ते सर्कलिंग नव्हतं पण नजरेवर उडताना काय होतं ते कळतं. एकाच बाजूला दोन धावपट्ट्या जवळ जवळ असतील तर दिसली दिसली म्हणायच्या आधी हेडिंगशी जुळवून बघा.

कामोठे_एटीआर
काकांना +१. मी जरा आकड्यांकडे येते कारण कॅडेटला चेकमध्ये हे विचारतातच. आपल्याकडे आयसीएओचे (जागतिक विमान वाहतूक संघटनेचे) पॅन्स-ऑप्सचे, म्हणजे अप्रोच आखायचे निकष, त्यात सर्कलिंगचं क्षेत्र प्रत्येक थ्रेशोल्डपासून (रनवेच्या सुरुवातीच्या टोकापासून) साधारण कॅट ए ला (कॅट म्हणजे वेगाप्रमाणे विमानांचे गट, ए सगळ्यात हळू) १.६८ मैल, बी ला २.६६, सी ला ४.२०, डी ला ५.२८. हे नॉटिकल मैल आणि विमानतळाच्या उंचीप्रमाणे थोडं बदलतं. अमेरिकेचं टर्प्स वेगळं, तिथे जुन्या हिशोबात सी ला फक्त १.७ मैल होते, २०१२-१३ पासून वाढवलेली त्रिज्या आली आणि तशा प्लेटवर काळ्या चौकोनात सी छापतात. म्हणजे परदेशातली प्लेट हातात आली की आधी ती कोणाच्या निकषावर आहे ते बघायचं.

आता गंमत बघा. पॅन्स-ऑप्समध्ये कॅट सी चा सर्कलिंगचा कमाल वेग १८० नॉट. २० डिग्री बँकला (वळताना पंख झुकवायचा कोन) १८० नॉटने वळलात तर त्रिज्या येते साधारण २.४ किमी, म्हणजे डाउनविंड ते रनवे अंतर ४.८ किमी. आणि युरोपात कॅट सी ला सर्कलिंगची किमान व्हिजिबिलिटी आहे २४०० मीटर. म्हणजे मिनिमाला १८० ने उडवलंत तर डाउनविंडवरून रनवे दिसूच शकत नाही, सर यायचीही गरज नाही! १४० नॉट आणि २५ डिग्रीला तेच अंतर सव्वादोन किमीवर येतं, म्हणजे जेमतेम काठावर. म्हणून वेग कमी, गिअर खाली आणि फ्लॅप हे सगळं सर्कल सुरू करायच्या आधी. कमाल वेग हा परवाना नाही, ती कुंपणाची रेषा आहे.

खोपटचा_कॅडेट
मॅडम हे भारी आहे, मी लगेच आमच्यासाठी काढलं. ९० नॉट, २० डिग्री, त्रिज्या ६०० मीटर, म्हणजे डाउनविंड १.२ किमीवर. १.६८ मैल म्हणजे तीन किमीच्या वर झाले, म्हणजे आम्हाला जागा बक्कळ आहे. मग कॅट ए ला एवढं घाबरायचं कारण काय? आणि अजून एक, बेस वळून एमडीए सोडला, खाली येतोय आणि तेव्हा रनवे गेला तर? तेव्हाही हेच?

नेरुळ_ए३२०
जागा बक्कळ आहे म्हणूनच लोक डाउनविंड लांबवतात, तोच सापळा. शिवाय उंची बघ. कॅट ए आणि बी ला त्या वर्तुळातल्या सगळ्यात उंच अडथळ्यावर फक्त २९५ फूट राखलेले आहेत, सी आणि डी ला ३९४. घरच्या सर्किटला तू हजार फुटांवर असतोस, इथे ४००-५०० फुटांवर आणि वरून ढगाचं झाकण. डोळ्याला सवय असलेलं सर्किट खालून उडवलं की रनवे जवळ असूनही लांब वाटतो, मग माणूस नकळत आत ओढतो, डाउनविंड अरुंद होतं, बेसला शेपटीचा वारा असेल तर फायनल (रनवेची सरळ रेषा) ओलांडून पुढे जातो आणि मग बँक वाढवून परत आणायला जातो. ३० डिग्रीला स्टॉलचा (पंखांची उचल संपायचा) वेग ७ टक्के वाढतो, ४५ ला १९ टक्के. त्या उंचीवर स्टॉलमधून सुटका नाही. टीटरबोरोला १५ मे २०१७ ला लिअरजेट ३५ए असंच गेलं, आयएलएस ६ वरून रनवे १ ला सर्कल करायचं होतं, वळायला हवं होतं त्याच्या कितीतरी पुढे येऊन, विमानतळ मैलभराच्या आत आल्यावर वळले, दोघेही पायलट गेले.

तुझा दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. एमडीएच्या खाली उतरल्यावर गो-अराउंड केला तर अडथळ्यांपासून संरक्षणाची हमी नाही. कोणीच दिलेली नाही. म्हणून एमडीए सोडायचा कधी, तर थ्रेशोल्ड दिसतोय, दिसत राहणार आहे आणि तिथून सरळ साध्या टर्नने उतरता येईल अशा जागी आहेस तेव्हाच. बेसला अर्धवट दिसतोय म्हणून आधीच उतरायला सुरुवात करणं हा प्रकार बंद. खाली असताना गेलाच तर करायचं तेच, चढ आणि रनवेकडे वळ, पण चढणं आधी.

घोडबंदर_सिमर
एक बोलू का, राग मानू नका. आजच्या बॉक्समध्ये (विमानाच्या नॅव्हिगेशन संगणकात) आपण स्वतःचे वेपॉइंट (वाटेवरचे बिंदू) टाकू शकतो. डाउनविंड, बेस सगळं आखून ठेवायचं आणि ऑटोपायलटला द्यायचं, बाहेर दिसलं काय न दिसलं काय, रेघेवर तर राहील ना? सिमवर मस्त चालतं.

कामोठे_एटीआर
दादा, राग नाही पण हे अगदी हेच करून १५२ माणसं गेलीत. एअरब्लू २०२, २८ जुलै २०१०, इस्लामाबाद, ए३२१. आयएलएस ३० वरून १२ ला सर्कल. अनुभवी कॅप्टन, २५ हजारांच्या वर तास. त्याने फर्स्ट ऑफिसरकडून स्वतःचे वेपॉइंट भरून घेतले आणि सर्कल नॅव्ह मोडवर (ऑटोपायलट त्या बिंदूंमागे जातो) उडवायला घेतलं. एमडीए २,५१० फूट होता, हे २,३०० वर आले. बाहेर नीट दिसत नव्हतं, विमान राखलेल्या क्षेत्राच्या बराच बाहेर मारगल्लाच्या डोंगरांकडे चाललेलं. नंतर वळवायला हेडिंगचा नॉब फिरवला पण बाहेर ओढला नाही, एअरबसमध्ये ओढल्याशिवाय तो मोड पकडतच नाही, विमान नॅव्हमध्येच सरळ. टेरेनची वॉर्निंग परत परत वाजत होती, फर्स्ट ऑफिसर वळायला आणि वर घ्यायला सांगत होता, पण त्याला त्याच प्रवासात आधी असं झापलेलं की त्याने कंट्रोल हातात घेतला नाही.

तुझे वेपॉइंट तू टाकलेस तर त्यांच्या आजूबाजूचे डोंगरही तुलाच मोजावे लागतील. सर्कलिंग हा नजरेचा खेळ आहे, नजर गेली की खेळ संपला. मॅपवर बघायला हरकत नाही, उलट कुठे आहोत ते कळायला बघावंच, पण मॅप दिसतोय म्हणून पुढे जायचं नाही.

नेरुळ_ए३२०
बुसानचंही तेच मूळ. एअर चायना १२९, १५ एप्रिल २००२, ७६७, १६६ पैकी १२९ गेले. ३६ लेफ्टवरून १८ राइटला सर्कल, बेसचा टर्न लांबला, रनवे नजरेतून गेला आणि तरी मिस्ड केलंच नाही. चौकशीत निघालं की त्या आकाराच्या विमानाला तिथे सर्कलिंगचा मिनिमा वेगळा आहे हेच क्रूला माहीत नव्हतं. आमच्या सिममध्ये याचाच सराव असतो, ४५ डिग्री वळून पंख सरळ करून ३० सेकंद बाहेर, डाउनविंड, थ्रेशोल्ड बाजूला आला की घड्याळ दाबायचं, शंभर फुटाला ३ सेकंद, म्हणजे ६०० फुटाला १८, वाऱ्याप्रमाणे कमी जास्त, आणि मग वळायचंच. घड्याळाचा फायदा हा की अजून थोडं पुढे जाऊ म्हणायला वाव उरत नाही. अर्थात बहुतेक कंपन्या आता चांगलं हवामान असल्याशिवाय सर्कल करूच देत नाहीत.

ऐरोलीकर
बापरे. मला वाटायचं गो-अराउंड म्हणजे काहीतरी गडबड झाली. गेल्या वर्षी आमचं विमान उतरता उतरता परत वर गेलं तेव्हा बायकोने माझा हात असा धरलेला की वळ उठले.

उपवनकाका
वहिनींना सांगा, वर गेलेलं विमान हे शहाणं विमान. न गेलेली ऐका. पाटणा, १७ जुलै २०००, अलायन्स एअरचं ७३७-२००. अप्रोचला उंच राहिले, सरळ गो-अराउंड मारून पुन्हा यायचं तर तिथेच एक ३६० मारू म्हणून परवानगी मागितली, कमी वेगात वळता वळता स्टॉल झालं आणि वस्तीवर पडलं. विमानातले ५५ आणि जमिनीवरचे ५. त्याच साली २३ ऑगस्टला बहारीनमध्ये गल्फ एअरचं ए३२०, रात्र, वेग जास्त म्हणून फायनलवरच चक्कर मारली, रनवेवर बसेना, मग गो-अराउंड घेतला तोही समुद्रात गेला, १४३ जण. काठमांडूला १२ मार्च २०१८ ला यूएस-बांग्लाचं डॅश ८, ०२ चा अप्रोच हुकला तर मिस्ड न करता डोंगरांमध्ये खालून रनवे शोधत फिरत राहिले, ७१ पैकी ५१ गेले.

माजिवड्याला कट चुकला की लोक पुढच्या ब्रिजखालून वळून यायच्या ऐवजी हायवेवर रिव्हर्स घेतात ना, तसलीच ही वृत्ती. दोन मिनिटं वाचवायची. टॉवरमधून आम्ही ऑर्बिटला (अशा चक्करला) हो म्हणतो म्हणून ते सुरक्षित झालं असं नाही, आम्ही फक्त मध्ये दुसरं विमान नाही एवढंच बघतो.

खोपटचा_कॅडेट
काका, गल्फ एअरवाले गो-अराउंड करूनही कसे गेले? वर चढत होते ना?

कामोठे_एटीआर
चढत होते आणि मग नाक खाली ढकललं. पूर्ण थ्रस्ट लागला की विमान झपकन पुढे सुटतं, कानाच्या आतल्या यंत्रणेला तो धक्का आणि नाक वर जाणं यातला फरक कळत नाही. अंधारात किंवा ढगात क्षितिज नसेल तर नाक फारच वर गेलंय असं पक्कं वाटतं आणि हात पुढे जातो. रोस्तोव्हला १९ मार्च २०१६ ला फ्लायदुबईचं ७३७ गो-अराउंडमध्येच गेलं, ६२ जण, त्यातही या भ्रमाचा उल्लेख आहे. सर्कलमधून मिस्ड केलंस तर हे दुप्पट, कारण मघापर्यंत मान वळवून खिडकीतून बघत होतास, आता एकदम आत बघायचंय आणि वर टर्नमध्येही आहेस.

म्हणून क्रम असा ठेव: डोळे आधी अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवर (नाक आणि पंख क्षितिजाशी कसे आहेत ते दाखवणारं यंत्र), मग पॉवर. पिच (नाकाचा कोन) आकड्यात ठरवलेला हवा, साधारण वर असं नाही. बँक १५-२० च्या वर नको. वेग बघ, चढ सुरू झाल्याचं व्हीएसआयवर (चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसलं की मग गिअर फ्लॅपचं बघ. दोघं असाल तर एकाने सर्कलभर बाहेर बघायचं आणि दुसऱ्याने पूर्ण वेळ आत, उंची, वेग, बँक मोठ्याने सांगत. दोघंही खिडकीला नाक लावून रनवे शोधायला लागलात की एमडीए कोण राखणार?

खोपटचा_कॅडेट
ओके, मी ब्रीफिंग असं लिहिलंय, बघा बरं. २७ चा अप्रोच, ०९ ला सर्कल, उत्तरेकडून, लेफ्ट सर्किट. वेग ९०, एमडीए अमुक, त्याखाली थ्रेशोल्ड दिसल्याशिवाय आणि टर्न जमत असल्याशिवाय जाणार नाही. रनवे गेला की अ‍ॅटिट्यूड, पॉवर, चढता डावा टर्न, विमानतळाच्या डोक्यावर, मग २७० चा ट्रॅक, मिस्डची उंची सेट करून एटीसीला कॉल.

कामोठे_एटीआर
छान. फक्त मिस्डची उंची तेव्हा सेट करायला जाऊ नकोस, एमडीएला लेव्हल झालास की तेव्हाच करून ठेव. चढत्या टर्नमध्ये ढगात नॉब शोधत बसलास तर बाकी सगळं वाया. आणि प्लेटवर एखाद्या बाजूला सर्कलिंग नाही असं लिहिलेलं असतं ते बारीक अक्षरात असतं, ते ब्रीफिंगच्या पहिल्या वाक्यात आण. रात्री नाही असंही काही ठिकाणी असतं.

नेरुळ_ए३२०
आणि बॅचमेटने परत सरळ जाण्याचा मुद्दा काढला तर त्याला विचार, डाउनविंडच्या सरळ पुढे काय आहे ते प्लेटवर दाखव. उंचीचा ठिपका दाखवता आला तर अजून एक चहा.

घोडबंदर_सिमर
माझे वेपॉइंट डिलीट केले, झालं समाधान? कॅडेट, शनिवारी ये कासारवडवलीला, सेटअप लावून ठेवतो. व्हिजिबिलिटी ३ किमी आणि ढग ७०० फुटांवर ठेवू, तू उडव आणि मी मागे बसून कधीतरी न सांगता व्हिजिबिलिटी शून्य करतो, डाउनविंडला, बेसला, एमडीएच्या खाली, कुठेही. यॉक आहे, पेडल्स मात्र गेल्या आठवड्यात बिघडल्यात, कोणाकडे जास्तीच्या असतील तर कळवा.

उपवनकाका
माझ्या मुलाच्या पडून आहेत कपाटावर. मी पण येतो, टॉवर मी बोलेन.